खाली चिकटलेला मजकूर

पुलाउ तिकुस, पिनांग
३ मार्च २००२

लुई,

फोन केला की तुझा कॉलिन म्हणतो, ती बागेत आहे. मेलबर्नमधल्या बागा मोठ्या असतात हे मान्य, पण सकाळ-दुपार-संध्याकाळ बागेतच? ई-मेलचंही उत्तर नाही. म्हणून कागदावर लिहितेय. कागद फाडायचा झाला तरी आधी हातात घ्यावा लागतो.

त्या मेसेजबद्दल लिहायचंय. तो मी काढून टाकला आहे, हे आधी सांगून ठेवते. टाकला त्याच संध्याकाळी काढला.

डॉली आंटींच्या ग्रुपवर आधी मी आले होते, हे तू विसरतेस. आमचे बेंग तेक रिटायर झाले, घरात कॉम्प्युटर आला, आणि ते म्हणाले, "सारखी माझ्या डोक्यावर बसू नकोस, हे घे, जगभरच्या न्योन्या इथे बसून भांडतात, तूही भांड." सिंगापूरच्या डॉली आंटींनी 'न्योन्यांची चूल' सुरू केली तीच मुळी घर सोडून लांब गेलेल्या आपल्या चिनी-मलय घरांतल्या बायकांसाठी, म्हणजे जुन्या कृती मरायला नकोत. वर्षभर मी तिथे लिहीत होते. सगळं आईचं. आणि काय मिळालं? "स्वान आंटी, अंदाजाने म्हणजे किती?" "स्वान आंटी, मूठभर म्हणजे कोणाची मूठ?" आता आईने आपल्याला शिकवलंच आगाक-आगाक. डोळ्याने बघायचं, नाकाने ओळखायचं, हात थांबेल तिथे थांबायचं. ते मी ग्रॅममध्ये कुठून आणू?

मग डिसेंबरात तू आलीस. आल्या आल्या पेरुत इकानची कृती टाकलीस. आंबवलेली माशाची पोटं किती वेळा धुवायची, कोळंबीचं बेलाचान दीड चमचा, गवती चहाच्या काड्या किती, हळदीचं पान कुठल्या बोटाएवढं. आणि वर लिहिलंस, "ही माझ्या आईची पद्धत. तिने मला स्वतः चमच्याने मोजून सांगितली." टोरोंटोची बाई रडली. पर्थची रडली. लंडनची म्हणाली, आज बावीस वर्षांनी घरात माझ्या आजीचा वास आला. महिन्याभरात तू सगळ्यांची लाडकी लुई झालीस, आणि मी तुझी मोठी बहीण झाले. "अय्या, तुम्ही लुईच्या ताची का?" मी त्या ग्रुपवर वर्षभर होते गं!

मला राग आला. आईने मोजलं? जिच्या स्वयंपाकघरातला चमचा फक्त खोकल्याच्या औषधासाठी होता, तिने?

म्हणून लिहिलं. तू वाचलंच आहेस, तरी पुन्हा उतरवते, म्हणजे स्वान लपवते असं व्हायला नको. "ही कृती माझ्या आईची नाही. माझी आई कधी मोजत नसे. लुईने आईच्या घरात एक कांदाही सोललेला नाही. आई शेवटी महिनाभर अंथरुणाला होती, तेव्हा तिने लुईचं नाव एकदाही काढलं नाही."

शेवटचं वाक्य जरा जास्त झालं. घाईत लिहिलं गेलं. पण 'माझी आई' असं तूही लिहिलंस. 'आमची' लिहिता आलं असतं.

संध्याकाळी बेंग तेकनी वाचलं. चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "हे पाठवलंस?"

"हो."

"काढ."

काढलं. बटण दाबलं आणि पान कोरं झालं. म्हटलं, बघा, गेलं.

ते म्हणाले, "भिंतीवरून गेलं. लोकांच्या घरात जाऊन पडलंय त्याचं काय?"

तेव्हा मला कळलं की ग्रुपवर टाकलेलं प्रत्येक अक्षर त्याच घटकेला सगळ्यांच्या ई-मेलमध्ये जाऊन बसतं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. तरी भिंतीवरचं मी काढलंय, हे लक्षात घे. फोन घेत जा.

गेक स्वान


पुलाउ तिकुस
१४ मार्च

लुई,

तू ग्रुप सोडलास असं डॉली आंटी म्हणाल्या. सोडलास म्हणजे लिहायचं थांबवलंस, की वाचतेस गुपचूप? वाचत असशील तर या दोन आठवड्यांत तुझी भरपूर करमणूक झाली असेल.

मी माफी मागितली. बेंग तेक म्हणाले, माग, म्हणून मागितली. माझाच जुना मेसेज उघडला, 'उत्तर द्या' दाबलं आणि लिहिलं, "परवाचा माझा मेसेज कृपया कोणी वाचू नये. रागात लिहिला होता." पाठवलं. जरा हलकं वाटलं. चहा केला.

परत येऊन बघते तर माझ्या माफीच्या खाली तो आख्खाच्या आख्खा मेसेज चिकटलेला. ज्यांनी वाचला नव्हता त्यांनीही आता वाचला. वर लिहिलंय वाचू नये, मग कोण नाही वाचणार?

मी घाबरले. पुन्हा लिहिलं, "चुकून खाली आला, त्याकडे दुर्लक्ष करावं." खाली दोन्ही चिकटले. मग डॉली आंटींना एकटीला लिहायला गेले की तुम्ही तरी काढा हो, तर तेही सगळ्यांना गेलं, खाली सगळी माळ घेऊन. शेवटी आंटींचा सिंगापूरहून फोन. त्या बोलत नव्हत्या, कातावल्या होत्या.

"स्वान, बये, हात जोडते तुला. तू काढा काढा म्हणतेस आणि दर वेळी तूच परत चिकटवतेस! आता गप्प बैस. कॉम्प्युटरचं बटण बंद कर आणि कांदे चीर."

मी म्हटलं, "आंटी, मी तो काढला होता ना पण."

"तू काढलास. टोरोंटोची मेरी आठवड्यातून एकदाच मेल बघते, तिने काल बघितला, तिच्यासाठी तो कालचाच. तिने उत्तर लिहिलंय भलंमोठं. खाली काय आहे सांगू?"

नको म्हटलं.

मेरीने लिहिलंय, "बिचारी लुई." नुसतं बिचारी लुई. तिला तू बिचारी. मी आईला पाठीला फोड येऊ नयेत म्हणून कुशीवर वळवत होते, तिची वेणी घालत होते, तिची लाळ पुसत होते, आणि बिचारी कोण, तर मेलबर्नमधली लुई, जिच्या बागेत गुलाब आहेत!

काल बाजारात गेले. कोळीण आ हुई मासा तोलता तोलता म्हणते कशी, "काय न्योन्या, तुमची धाकटी तुमच्या अम्माला विसरली म्हणे? माझी जाऊ सांगत होती. तिच्या मालकिणीने कागदावर छापून घेतलंय." छापून! म्हणजे आता भिंतीवरचं काढा, मेलच्या पेटीतलं काढा, आणि लोकांच्या फ्रीजवर लावलेलंही काढत फिरा.

"विसरली नाही," मी म्हटलं. "लांब असते."

"मग तुमच्या अम्माने नाव का नाही काढलं?"

मी मासा न घेताच आले.

एक खुलासा करते. 'नाव काढलं नाही' याचा अर्थ असा की आई त्या दिवसांत फारशी बोलतच नव्हती. कोणाचंच नाव काढत नव्हती. असा अर्थ घेतलास तर ते वाक्य तितकंसं वाईट नाही.

गेक स्वान


पुलाउ तिकुस
८ एप्रिल

लुई,

चेंग बेंगच्या पितरपूजेला बातू गांतोंगच्या दफनभूमीत जाऊन आलो. आईचा पहिलाच. माती अजून बसायची आहे, बाजूला गवत वाढलंय, ते बेंग तेकनी उपटलं. फुलं वाहिली. मी सगळं केलं होतं. कोंबडी, केक, तिला आवडायचं ते हळदीचं लोणचं, आणि पेरुत इकान. पहाटे उठून त्यात घालायची पानं चिरली. केसासारखी बारीक, आईला चालतील अशी. अंगठा कापला, पण चिरली.

आणि आपली पोह यान आली. मावशीची पोह यान, तीच ती, जिला लहानपणी तू कायम जवळ घेऊन बसायचीस. तिच्या हातात डबा. म्हणते, "स्वान ची, मी पण पेरुत इकान आणलंय. लुई चीच्या कृतीने. चमचे मोजून केलं, बरं का!"

म्हटलं, ठेव. माणसांसमोर भांडते कशाला. ठेव, पण मागे ठेव.

उदबत्त्या अर्ध्या झाल्यावर बेंग तेकनी दोन नाणी हातात घेऊन विचारलं, "आई, जेवलात का? ताट उचलायचं का?" नाणी टाकली. दोन्ही छापा. आई हसतेय म्हणायचं. पुन्हा टाकली. दोन्ही छापा. पोह यानची पोरं खिदळायला लागली. मग दोन्ही काटा, म्हणजे थांबा, अजून झालं नाही. ऊन डोक्यावर आलं, मेणबत्त्या वाकल्या, आणि आईचं काही जेवण होईना.

पोह यान म्हणाली, "स्वान ची, तो डबा जरा पुढे घेऊन बघू या का?"

तिने डबा पुढे घेतला, झाकण काढलं. बेंग तेकनी नाणी टाकली. एक छापा, एक काटा. झालं. जेवली.

सगळे हसले, लुई. बेंग तेकसुद्धा. मी पण हसले, दात दाखवून.

मग तिथेच झाडाखाली सगळे जेवायला बसलो. तुझ्या कृतीतला दोष काढायचा म्हणूनच मी पहिला घास घेतला. मीठ जास्त असेल, आंबट कमी असेल, काहीतरी असेलच. नव्हतं. ते आईचं होतं. माझं आईसारखं होतं, आणि ते आईचं होतं. मी दुसरा घास घेतला आणि ताट खाली ठेवलं.

आता जे लिहिते ते मला तेव्हाच आठवलं असं नाही. मला ते कायमच ठाऊक होतं. दर रविवारी दुपारी तुझा फोन यायचा तेव्हा आई स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. एकदा मी गवाक्षातून बघितलं होतं. फोन खांद्याने मानेला दाबून धरलेला, आणि ती मसाला नेहमीसारखा तळहातावर घेत होती, हात थांबेल तिथे थांबत होती. मग तळहात हळूच चमच्यात उलटा करत होती. सांडू नये म्हणून श्वास धरून. आणि फोनमध्ये सांगत होती, "दीड. नाही, थांब. दीडला थोडा कमी."

मी नंतर विचारलं, "आई, चमचा कशाला?"

म्हणाली, "डोळे अधू झालेत माझे."

माझ्याशी खोटं बोलली. डोळे चांगले होते तिचे, सुईत दोरा ओवत होती. वीस वर्षं मी तिच्या शेजारी उभी राहिले आणि मला कधी सांगितलं नाही किती. विचारलं की हातावर चापट. "बघ ना! डोळे दिलेत ना!" आणि तुझ्यासाठी तिने खोकल्याचा चमचा धुऊन घेतला.

हे मला सहन होत नाही. लिहून टाकते एकदाचं. आई मेली तरी मला तुझा हेवा वाटतो.

ती अगदीच बोलत नव्हती असं नाही. बोलत होती. पण तापात माणूस काहीही बोलतं, ते धरायचं नसतं.

स्वान


पुलाउ तिकुस
२१ एप्रिल

लुई,

पोह यानने नाण्यांची गोष्ट ग्रुपवर टाकली. तिचं तोंड कुठे बंद राहतं. टोरोंटो, पर्थ, लंडन, सगळ्या पुन्हा हसल्या आणि पुन्हा रडल्या. खाली अर्थातच माझा मेसेज चिकटलेला. त्याची आता मला सवय झालीय, सावलीसारखा येतो मागून.

आणि त्याच्यावर तुझं उत्तर आलं. म्हणजे वाचत होतीस. मी ते इतक्या वेळा वाचलंय की न बघता लिहिते.

"ताचीने लिहिलं ते बरोबर आहे. आई मोजत नसे. माझ्यासाठी मोजायची, कारण मी तिथे नव्हते. ताचीला आगाक-आगाक मिळालं, मला चमचे मिळाले. शेवटी आईने माझं नाव काढलं नाही, हेही खरंच असणार. ताची तिथे होती. तिला ठाऊक."

मी बेंग तेकना हाक मारली. म्हटलं, हे बघा, हिला खरंच वाटलं.

ते म्हणाले, "तू लिहिलंस म्हणून वाटलं. तुझ्यावर विश्वास आहे तिचा. आता?"

लुई, मला वाटलं होतं तू चिडशील. फोन आपटशील, मला खोटारडी म्हणशील, चार लोकांत माझी लाज काढशील. भांडणार असतीस तर मी भांडले असते, मला येतं ते. तू 'खरंच असणार' म्हणालीस.

आता नीट ऐक.

त्या महिन्यात आईने एकच नाव काढलं. लुई. सकाळी डोळे उघडले की लुई, पाणी हवं असलं की लुई, कूस बदलताना कळ आली की लुई. पहिल्यांदा मी म्हटलं, "आई, मी स्वान आहे."

तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "स्वान बाजारात गेलीय. येईल इतक्यात. ती कुठे जातेय. तू बस."

मी रोज सांगून बघितलं. मोठ्याने सांगितलं, कानात सांगितलं, तिचा हात माझ्या गालावरच्या तिळावर ठेवला. ती हसायची आणि म्हणायची, "लुई, थट्टा पुरे." पेज पुढे केली तर तोंड मिटून घ्यायची. "स्वान आल्यावर जेवते. तिच्याशिवाय कोणाच्या हातचं मला उतरत नाही. तू आपली गप्पा मार." बघ कशी गंमत. माझ्याच हातातली पेज, माझीच वाट बघत नाकारत होती.

मग एक दिवस मी हरले. म्हटलं, "हो आई, मी लुई. स्वाननेच पेज करून दिलीय. घे." तर तिने वाटी संपवली.

त्यानंतर मी लुईच झाले. तिने मला विचारलं, तिथे थंडी फार असते का गं. म्हटलं, असते. विचारलं, कॉलिन बरा वागतो ना. म्हटलं, वागतो. विचारलं, चमचे बरोबर लागले का, मी दीडला थोडा कमी म्हटलं होतं ते? म्हटलं, बरोबर लागले.

तुला फोन उशिरा का केला, हे तू विमानतळावर विचारलं होतंस आणि मी म्हणाले होते की एकदम वाढलं. एकदम काही वाढलं नव्हतं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, असेल कोणी लांब तर बोलवा. मी रोज फोनपर्यंत जायचे. पण तू आली असतीस तर खरी लुई दारात उभी राहिली असती, आणि मी पुन्हा बाजारात गेले असते. आईच्या डोळ्यात तुझ्यासाठी जे होतं ते मला आयुष्यात पहिल्यांदाच समोरून बघायला मिळत होतं. मी ते सोडायला तयार नव्हते. तू पोचलीस तेव्हा तिला पेटीत ठेवलेलं होतं. हे मी तुझ्याकडून हिसकावलं. पाककृतीवरून चिडले असं सगळ्या जगाला वाटतंय. वाटू दे.

आता हे सगळं मी ग्रुपवरही टाकलंय. आज सकाळी. मुद्दाम तुझ्या उत्तरावरच 'उत्तर द्या' दाबलं, म्हणजे खाली सगळं चिकटून जाईल. माझं हे, त्याखाली तुझे चमचे, पोह यानची नाणी, त्याखाली माझ्या माफ्या, आणि सगळ्यात तळाला ते खोटं. ते खोटं जिथे जिथे पोचलंय, तिथे तिथे आता हेही जाऊ दे. टोरोंटोच्या मेरीला आठवड्याने कळेल. आ हुईच्या जावेच्या मालकिणीने हेही छापून घ्यावं.

बेंग तेक बाजूला उभे होते. म्हणाले, "बघ हां. परत येत नाही ते."

म्हटलं, "म्हणून तर."

डॉली आंटींना फोन करून सांगितलं, हा काढू नका. मी स्वतः उद्या रडत फोन केला तरी काढू नका. त्या म्हणाल्या, "स्वान, खाली तो जुना आला नसता तरी चाललं असतं गं." मी म्हटलं, राहू द्या.

तुझा हेवा संपला असं मी म्हणणार नाही. 'स्वान कुठे जातेय' हे आईने कौतुकाने म्हटलं की नुसतंच, ते मला अजून उमगलेलं नाही. तू म्हणतेस आगाक-आगाक मला मिळालं. मिळालं असेल. हातात धरून दाखवता येत नाही ते, चमचा दाखवता येतो.

शेवटच्या दुपारी पंखा चालू होता, मी तिच्या पायाला तेल लावत होते. तिने हाक मारली, "लुई." स्पष्ट, ताप नसल्यासारखी. मी म्हटलं, "आले गं आई." तिने माझा हात घट्ट धरला आणि मग धरला नाही.

ती ओ मी तुझ्या वतीने दिली असं सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल, पण आता पुन्हा खोटं नको. मला हवी होती ती हाक, म्हणून मी ओ दिली. नाव मात्र तुझं होतं, लुई. शेवटपर्यंत तुझंच होतं.

ताची